रेणूंचे वजन करणारा शिक्षक

फ्रान्स देशाच्या आग्नेय भागात, आल्प्स पर्वताच्या कुशीत, ग्रेनोबल नावाचे एक शहर आहे. सभोवती उंच डोंगर, मधून वाहणारी इझेर नदी आणि हिवाळ्यात शिखरांवर साठणारे शुभ्र हिम, असा त्या शहराचा थाट आहे. इ. स. १८६७ मध्ये तेथील विद्यापीठात रसायनशास्त्र शिकविण्यासाठी एक सदतीस वर्षांचा अध्यापक येऊन दाखल झाला. पॅरिसमधील एखाद्या नामांकित प्रयोगशाळेचा आधार त्याच्यापाशी नव्हता. ऐन तारुण्याची चौदा वर्षे त्याने लहानमोठ्या गावांतील शाळांतून शिकविण्यात घालविली होती. पुढे मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे चौतीस वर्षे, तो ग्रेनोबल येथेच राहिला. आणि बर्फ, पारा, ईथर व उष्णतामापक एवढ्या साध्या साहित्याच्या बळावर त्याने असे एक कोडे उलगडले की, त्यामुळे डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या रेणूंचे वजन करण्याची एक नवी रीत जगाच्या हाती आली. या शास्त्रज्ञाचे नाव फ्रान्स्वा मारी राऊल्ट. फ्रेंच लोक या नावाचा उच्चार थोडा निराळा करतात. परंतु आपल्या पुस्तकांतून राऊल्ट हेच रूप रूढ झाले असल्यामुळे येथेही तेच ठेविले आहे.

राऊल्टचा जन्म १० मे १८३० रोजी उत्तर फ्रान्समधील फूर्न या लहानशा गावी झाला. हे गाव लील शहराच्या जवळ आहे. घरची स्थिती बेताची होती. शिक्षणासाठी तो पॅरिसला गेला खरा. पण पैशाअभावी त्याला तेथील शिक्षण अर्धवट सोडावे लागले. इ. स. १८५३ मध्ये तो रेंस येथील शाळेत अगदी खालच्या पायरीवरचा साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरीस लागला. त्यानंतर एका गावाहून दुसऱ्या गावी त्याच्या बदल्या होत राहिल्या. अखेर १८६२ साली सांस येथील शाळेत तो रसायनशास्त्राचा शिक्षक झाला, आणि तेथे असतानाच त्याने आपला प्रबंध पुरा केला. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, पॅरिस विद्यापीठाने त्याला डॉक्टर ही पदवी दिली. वर्ग, वह्या आणि परीक्षा यांचा रोजचा रगाडा सांभाळून असा प्रबंध लिहिणे ही काय गोष्ट आहे, हे शिक्षकी पेशात जन्म घालविलेल्या माणसाला निराळे सांगावयास नको.

हा प्रबंध विद्युत्घटांविषयी होता. घटामध्ये रासायनिक क्रियेने जी उष्णता निर्माण व्हावयाची, तेवढ्याच मोलाची वीज त्यातून मिळते, असा त्या काळी पुष्कळांचा समज होता. राऊल्टने दोन्ही गोष्टी काटेकोरपणे मोजून पाहिल्या आणि त्या नेहमी सारख्या नसतात असे दाखवून दिले. लोक काय मानतात हे ऐकून न थांबता स्वतः मोजून पाहावे, हा त्याचा स्वभाव या पहिल्याच कामात दिसून येतो.

ग्रेनोबल येथे आल्यावर तीन वर्षांनी, म्हणजे १८७० मध्ये, तो तेथील रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. परंतु ज्या कामामुळे त्याचे नाव चिरंतन झाले, त्या कामाला त्याने हात घातला तेव्हा त्याची चाळिशी केव्हाच उलटून गेली होती.

हे काम समजून घेण्यासाठी आपण आधी एक साधी गोष्ट पाहू. वाटीत पाणी ठेवले तर ते हळूहळू उडून जाते. पाण्याचे असंख्य रेणू सारखे हालचाल करीत असतात. त्यांपैकी काही पृष्ठभागावरून निसटून वाफेच्या रूपाने हवेत जातात. आता पाणी बंद भांड्यात ठेविले तर काय होईल? निसटलेल्या रेणूंना बाहेर वाट नसते. म्हणून त्यांपैकी काही परत पाण्यात येऊन पडतात. थोड्याच वेळात जितके रेणू बाहेर पडतात तितकेच परत येऊ लागतात. त्या वेळी भांड्यात कोंडलेली वाफ भांड्याच्या बाजूंवर जो दाब देते त्याला बाष्पदाब असे म्हणतात. वीस अंश सेंटिग्रेड उष्णतामानाला पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे साडेसतरा मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका भरतो. ईथर हा फार लवकर उडून जाणारा द्रव आहे. त्याचा बाष्पदाब त्याच उष्णतामानाला सुमारे ४४० मिलिमीटर असतो.

पाण्यात मीठ किंवा साखर विरघळविली की हा बाष्पदाब कमी होतो. समुद्रात भिजलेले कपडे गोड्या पाण्याने धुतल्यावाचून नीट वाळत नाहीत, त्याचेही कारण हेच. त्यांतील खारे पाणी सहजासहजी उडून जात नाही. अशा द्रावणाचा गोठणबिंदूही खाली जातो. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते, तर खारे पाणी शून्याच्याही खाली गेल्यावर गोठते. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाबरोबर मीठ घालतात ते याच गुणाचा उपयोग करून घेण्यासाठी.

या दोन्ही गोष्टी राऊल्टच्या आधी ठाऊक होत्या. जितके मीठ अधिक तितका गोठणबिंदू अधिक खाली जातो, हे ब्लॅग्डन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १७८८ सालीच नोंदवून ठेविले होते. परंतु भिन्न पदार्थांची तुलना करू लागताच सारा गोंधळ होत असे. एका पदार्थाने गोठणबिंदू थोडा उतरे, दुसऱ्याने पुष्कळ उतरे; त्यात काही नियम असावा असे वाटे, पण तो सापडत नसे. याचे एक कारण असे की, बहुतेक सर्व शास्त्रज्ञ आपले प्रयोग निरनिराळ्या क्षारांवर करीत होते. क्षार शुद्ध मिळतात, स्वस्त मिळतात आणि चटकन विरघळतात. तेव्हा ते निवडणे स्वाभाविकच होते. परंतु क्षारांच्या अंगी एक छुपा गुण होता आणि तोच नियमावर पडदा घालीत होता. तो कोणता, ते पुढे येईलच.

राऊल्टनेही आरंभी क्षारांवरच काम केले. क्षारांच्या द्रावणांचा बाष्पदाब आणि गोठणबिंदू यांविषयीचा त्याचा पहिला लेख १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर १८८० मध्ये त्याने पाणी आणि मद्यार्क यांच्या मिश्रणांचे गोठणबिंदू मोजले. मग त्याने साखर, ग्लिसरीन, युरिआ अशा, क्षार नसलेल्या पदार्थांकडे आपला मोर्चा वळविला. एकेक पदार्थ घ्यावा, तो तोलून पाण्यात विरघळवावा, द्रावण थंड करीत न्यावे, बर्फाचे पहिले स्फटिक दिसताच उष्णतामापक पाहावा आणि आकडा टिपून ठेवावा. पदार्थामागून पदार्थ, आकड्यामागून आकडे. अशा कामात डोळ्यांत भरण्यासारखे काहीही नसते. परंतु अंशाच्या शंभराव्या भागाची चूक झाली तरी निष्कर्ष फसावयाचा, म्हणून चित्त मात्र क्षणभरही ढळू देता येत नाही.

आकडे समोर मांडले तेव्हा गोंधळ आपोआप निवळला. राऊल्टने वजने न पाहता रेणुभार पाहिले. साखरेचा रेणुभार ३४२, ग्लिसरीनचा ९२ आणि युरिआचा ६०. म्हणजे साखरेचा एक रेणू युरिआच्या एका रेणूपेक्षा पावणेसहा पट जड आहे. आता एक किलोग्रॅम पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळविली, दुसऱ्या एक किलोग्रॅम पाण्यात ९२ ग्रॅम ग्लिसरीन घातले आणि तिसऱ्यात ६० ग्रॅम युरिआ टाकला, तर तिन्ही भांड्यांत रेणूंची संख्या सारखीच होते. आणि आश्चर्य असे की, तिन्ही द्रावणांचा गोठणबिंदूही जवळजवळ सारखाच, म्हणजे सुमारे १.८६ अंश खाली उतरतो! पदार्थ गोड आहे की नाही, जड आहे की हलका आहे, याच्याशी पाण्याला काही देणेघेणे नाही. त्यात परके रेणू किती शिरले आहेत, एवढाच काय तो हिशेब.

बेंझीन, ॲसेटिक आम्ल इत्यादी दुसऱ्या द्रवांतही त्याला असेच आढळून आले. इ. स. १८८२ मध्ये त्याने आपला नियम जाहीर केला : कोणत्याही द्रवाच्या शंभर रेणूंत कोणत्याही पदार्थाचा एक रेणू विरघळविला तर त्या द्रवाचा गोठणबिंदू सुमारे ०.६३ अंशाने खाली येतो. या नियमातील सगळाच भाग पुढे टिकला नाही. सर्व द्रवांना हा एकच आकडा लागू पडत नाही, प्रत्येक द्रवाचा आकडा निराळा असतो, हे नंतर सिद्ध झाले. स्वतः पाणीच या आकड्यात बसत नव्हते. परंतु एकाच द्रवात सारख्या संख्येचे रेणू सारखाच परिणाम घडवितात, हा जो त्यातील गाभा, तो अबाधित राहिला.

त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना या शोधाचे मोल फार वाटले. पदार्थाचा रेणुभार काढावयाचा तर त्या पदार्थाची वाफ करून ती तोलावी लागे. परंतु साखर तापविली तर तिची वाफ होत नाही, ती करपून काळी होते. असे शेकडो पदार्थ होते, आणि त्यांचे रेणू किती जड आहेत हे सांगण्याचा मार्गच खुंटला होता. राऊल्टने तो मोकळा केला. समजा, एका अनोळखी पदार्थाचे १० ग्रॅम आपण १०० ग्रॅम पाण्यात विरघळविले आणि गोठणबिंदू ०.९३ अंशाने उतरला. याच प्रमाणात एक किलोग्रॅम पाण्यात त्या पदार्थाचे १०० ग्रॅम होतील. ०.९३ हा आकडा १.८६ च्या बरोबर निम्मा आहे. तेव्हा १०० ग्रॅम म्हणजे निम्मा रेणुभार, आणि पूर्ण रेणुभार २००. पदार्थ जाळावयाचा नाही, त्याची वाफ करावयाची नाही. नुसता बर्फ आणि उष्णतामापक पुरे. पुढे जर्मनीतील बेकमन या शास्त्रज्ञाने याच कामासाठी अंशाचा शंभरावा भाग दाखविणारा खास उष्णतामापक तयार केला आणि ही रीत जगभरच्या प्रयोगशाळांतून रूढ झाली.

गोठणबिंदूचा नियम हाती आल्यावर राऊल्ट पुन्हा बाष्पदाबाकडे वळला. येथे अडचण मोठी होती. पाण्याचा बाष्पदाबच मुळी साडेसतरा मिलिमीटर. त्याचा शंभरावा भाग कमी झाला तर तो फरक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान. तो डोळ्यांनी कसा मोजावा? परंतु ईथरचा बाष्पदाब शंभराव्या भागाने उतरला तर पाऱ्याची पातळी चार मिलिमीटरांहून अधिक सरकते, आणि तेवढा फरक सहज वाचता येतो. राऊल्टने काचेच्या लांब नळ्या पाऱ्याने भरून वायुभारमापकाप्रमाणे उभ्या केल्या. एका नळीत पाऱ्यावर शुद्ध ईथर सोडले, इतर नळ्यांत टर्पेंटाईन, ॲनिलीन यांसारखे पदार्थ विरघळविलेले ईथर सोडले, आणि प्रत्येक नळीतील पारा वाफेच्या दाबाने किती खाली ढकलला जातो ते मोजले. योग्य द्रव निवडण्यातच त्याने निम्मी लढाई जिंकली, असे माझे मत आहे.

इ. स. १८८७ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेला नियम आज राऊल्टचा नियम म्हणून ओळखला जातो. तो समजावयास अगदी सोपा आहे. द्रावणातील शंभर रेणूंपैकी एक रेणू विरघळलेल्या पदार्थाचा असेल तर द्रवाचा बाष्पदाब शंभराव्या भागाने कमी होतो. पाच रेणू परके असतील तर शंभरात पाच भागांनी कमी होतो. असे का व्हावे? रेणू पृष्ठभागावरून निसटतात हे आपण पाहिलेच आहे. शंभर मुलांच्या रांगेत पाच मुले अशी असली की ज्यांना बाहेर जाण्याची इच्छाच नाही, तर फाटकातून बाहेर पडणाऱ्यांची संख्या तेवढ्या प्रमाणात घटणारच. साखरेचे रेणू स्वतः उडून जात नाहीत, पण द्रावणात पाण्याच्या रेणूंचा वाटा मात्र कमी करतात. गोठणबिंदू खाली जातो त्याचेही मूळ येथेच आहे. बर्फ आणि पाणी एकत्र असताना काही रेणू बर्फातून सुटतात आणि काही पाण्यातून येऊन बर्फाला चिकटतात. पाण्यात परके रेणू शिरले की चिकटावयास येणारे रेणू कमी पडतात. मग तोल सांभाळण्यासाठी अधिक थंडी लागते. सर्व द्रावणे हा नियम तंतोतंत पाळीत नाहीत. जी पाळतात त्यांना आदर्श द्रावणे असे नाव आहे. विरळ द्रावणे या आदर्शाच्या बरीच जवळ जातात.

आता त्या क्षारांच्या छुप्या गुणाकडे येऊ. साध्या मिठाचा रेणुभार साडेअठ्ठावन. तेव्हा एक किलोग्रॅम पाण्यात साडेअठ्ठावन ग्रॅम मीठ घातले तर गोठणबिंदू १.८६ अंशाने उतरावयास हवा. प्रत्यक्षात तो जवळजवळ दुप्पट उतरतो. राऊल्टच्या आकड्यांत हा फरक स्पष्ट दिसत होता आणि त्याने तो मुळीच लपविला नाही. मात्र त्याचा अर्थ लावताना त्याची चूक झाली. बेंझीनमध्ये काही पदार्थांचे रेणू जोडीजोडीने राहतात व त्यामुळे त्यांचा परिणाम निम्मा होतो, हे त्याने बरोबर ओळखले होते. त्यावरून पाण्यातही क्षारांचा मोठा आकडाच खरा, आणि साखरेसारख्या पदार्थांचा लहान आकडा हा अपवाद, असे त्याने मानले. वस्तुस्थिती नेमकी उलट होती.

याच सुमारास हॉलंडमधील व्हान्ट हॉफ हा तरुण शास्त्रज्ञ द्रावणांविषयी विचार करीत होता. बर्फ वितळण्यास किती उष्णता लागते एवढ्यावरून त्याने निव्वळ गणिताने गोठणबिंदूचे आकडे काढले. पाणी, ॲसेटिक आम्ल, बेंझीन अशा एकेका द्रवाचा आकडा त्याने राऊल्टच्या आकड्यांशी ताडून पाहिला, तो दोन्ही जवळजवळ जुळले. पाण्याच्या बाबतीत साखरेचाच आकडा खरा ठरला. मग मीठ दुप्पट परिणाम का घडविते? याचे उत्तर स्वीडनमधील आऱ्हेनियसने १८८७ मध्ये दिले. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे दोन तुकडे होतात; एक सोडियमचा आणि एक क्लोरीनचा, आणि दोन्ही विद्युद्भारित. मोजावयाचे ते कणच. तेव्हा एकाचे दोन झाले की परिणामही दुप्पट. आज ही गोष्ट शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. त्या वेळी मात्र ती पुष्कळांना वेडगळपणाची वाटली, आणि तिच्या बाजूने जे बळकट पुरावे पुढे मांडले गेले त्यांत ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेतील आकडे होते. इतरांच्या सिद्धांताचा पाया आपण घातला आणि त्यांनीच आपली चूक दुरुस्त केली, असा योग शास्त्रज्ञाच्या वाट्याला क्वचितच येतो.

राऊल्टची कीर्ती आता दूरवर पसरली. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने १८९० मध्ये त्याला आपला संवादी सभासद करून घेतले. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने १८९२ मध्ये त्याला डेव्ही पदक अर्पण केले. पण त्याने ग्रेनोबल सोडले नाही आणि मोजणीही सोडली नाही. साठी ओलांडल्यावरही त्याला अधिक सूक्ष्म आकड्यांचा ध्यास होता. गोठणबिंदूवरून पदार्थाची परीक्षा करण्याच्या या शास्त्राला त्याने क्रायोस्कोपी असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ थंडीचे निरीक्षण असा होतो. बाष्पदाबाविषयीचे त्याचे लहानसे पुस्तक १९०० मध्ये आणि क्रायोस्कोपीवरील पुस्तक १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच्या रीतीचा उपयोग आपल्या अगदी जवळ येऊन पोहोचला आहे. गाईच्या दुधाचा गोठणबिंदू शून्याखाली अर्ध्या अंशाहून किंचित अधिक असतो आणि तो फारसा बदलत नाही. दुधात पाणी मिसळले की विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण कमी होते आणि गोठणबिंदू शून्याकडे सरकतो. दुधाचा नमुना गोठवून त्यात पाणी घातले आहे काय हे शोधून काढणारे यंत्र आज दुग्धशाळांतून वापरतात. त्याचे नावच मुळी क्रायोस्कोप असे आहे.

दिनांक १ एप्रिल १९०१ रोजी ग्रेनोबल येथेच राऊल्टचा अंत झाला. त्या वेळी त्याला एकाहत्तरावे वर्ष लागले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात नोबेल पारितोषिके प्रथमच देण्यात आली आणि रसायनशास्त्राचे पहिले पारितोषिक व्हान्ट हॉफला मिळाले. द्रावणांवरील ज्या कामासाठी ते दिले गेले, त्या कामाला राऊल्टच्या आकड्यांचा मोठा आधार होता. पुढील वर्षी, १९०२ मध्ये, लंडनच्या केमिकल सोसायटीने राऊल्टच्या स्मरणार्थ एक व्याख्यान ठेविले. ते देण्यासाठी व्हान्ट हॉफ स्वतः उभा राहिला.